जुन्या छतांवरील लेप

छतावरील लेप म्हणजे जुन्या होत चाललेल्या छताची गळती थांबवण्यासाठी, त्याची झीज रोखण्यासाठी किंवा उन्हाची झळ कमी करण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर ब्रश, रोलर किंवा फवारणी यंत्राने दिला जाणारा पातळ थर होय. चुन्याच्या साध्या पांढऱ्या हातापासून ॲक्रिलिक व पॉलियुरेथेनच्या रासायनिक लेपांपर्यंत अनेक प्रकार त्यात मोडतात. उत्तर अमेरिकेत डांबरी शिंगलच्या छतांवर फवारली जाणारी तेलयुक्त द्रावणे हाही त्यातलाच एक प्रकार आहे. असे लेप खर्चाच्या मानाने कितपत फायदेशीर ठरतात, हा प्रश्न जगभर विचारला जातो. त्याचे उत्तर लेपाच्या दर्जापेक्षा त्याखालील छताच्या अवस्थेवर अधिक अवलंबून असते. शाबूत छताची झीज लेपामुळे मंदावते. छताने गमावलेली ताकद मात्र लेपामुळे परत येत नाही.

हा लेख मुख्यतः खानदेशातील, विशेषतः जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील सावदा व त्याच्या परिसरातील छतांच्या संदर्भात आहे.

प्रदेश आणि छतांचे प्रकार

सावदा हे तापी नदीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याच्या सपाट काळ्या जमिनीवर वसलेले केळीच्या व्यापाराचे गाव आहे. या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जातो. हिवाळ्यातील रात्री मात्र १० अंशांच्या आसपास उतरतात. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मृगाच्या आधी येणारी वादळे केळीच्या बागा आडव्या करतात आणि त्याच तडाख्यात घरांचे पत्रेही उडतात. म्हणजे येथील छताला आठ महिने ऊन व धूळ आणि चार महिने पाणी सोसावे लागते. यांपैकी कोणत्या त्रासावर उपाय हवा आहे हे आधी ठरवल्याशिवाय लेपाची निवड करता येत नाही. कोकणात गळती हाच मुख्य प्रश्न असतो. खानदेशात उष्णतेचा प्रश्न निदान तितकाच मोठा आहे.

परिसरात चार प्रकारची छते आढळतात: मातीचे धाबे, कौले, लोखंडी वा सिमेंटचे पत्रे आणि सिमेंट काँक्रीटचा स्लॅब. मंगलोरी कौलांचे उत्पादन बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे सुरू केले आणि पुढे ती पश्चिम भारतभर पसरली. कौलारू छताला लेपाची गरज सहसा नसते. फुटलेली व सरकलेली कौले पावसाळ्यापूर्वी बदलून घर शाकारणे हाच त्यावरचा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. भाजलेल्या मातीचे कौल उन्हाने फारसे खराब होत नाही. त्याची खरी शत्रू माकडे आणि वाशांना लागणारी वाळवी.

धाबे आणि खारी मातीचा थर

छतावर दरवर्षी नवा थर देण्याची पद्धत खानदेशाला नवी नाही. धाब्याच्या घरात लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा फोडलेल्या लाकडांच्या पट्ट्या, त्यावर पाला किंवा तुराट्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर अशी रचना असते. छत सपाट दिसले तरी त्याला किंचित उतार असतो आणि पाणी पन्हाळीतून बाहेर पडते.

सर्वांत वरच्या थरासाठी शेतातील काळी माती वापरत नाहीत. ती पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. त्याऐवजी पांढरी खारवट माती आणून पसरतात. तिला परिसरात ‘खारी’ म्हणतात आणि पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी टाकणे हे उन्हाळ्याच्या अखेरचे ठरलेले काम असे. क्षारयुक्त माती पाणी अडवते यामागे रासायनिक कारण आहे. सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या मातीतील चिकणकण ओले होताच एकमेकांपासून सुटे होतात आणि मातीतील बारीक छिद्रांत जाऊन बसतात. त्यामुळे वरचा पातळ थर जवळजवळ बंद होतो आणि पाणी खाली मुरण्याऐवजी वाहून जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने नापीक ठरवणारा जमिनीचा हा दोष छतासाठी गुण ठरतो.

जाड मातीमुळे दिवसाची उष्णता खोलीत पोहोचायला अनेक तास लागतात. धाब्याचे घर दुपारी थंड वाटते ते याच कारणाने. मात्र या पद्धतीची किंमत वजनाच्या रूपाने चुकवावी लागते. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १,६०० किलो धरले, तर ३० सेंटिमीटर जाडीच्या धाब्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे ४८० किलो होतो. दरवर्षी एक सेंटिमीटर खारी टाकली की त्यात १६ किलोंची भर पडते. पावसाने काही माती वाहून जाते हे खरे. तरी जुनी माती खरवडून न काढता वर्षानुवर्षे नवी टाकत गेल्यास दोन-तीन दशकांत तुळयांवरचा भार धोकादायक रीतीने वाढतो. अशा वेळी संततधारेने भिजलेली माती आणखी जड होते आणि आत कुजलेली कडी मोडते. गळती थांबवण्यासाठी टाकलेला थरच अशा रीतीने छत कोसळण्याचे कारण होऊ शकतो. मातीच्या धाब्यावर सिमेंटचा पातळ गिलावा किंवा प्लास्टिकचा कागद घालण्याचे प्रयोगही होतात. गिलाव्याला लवकरच भेगा पडतात आणि कागदाखाली अडकलेल्या ओलीने लाकूड कुजते. त्यामुळे धाबे टिकवायचे असल्यास जुनी माती उतरवून लाकूड तपासणे आणि मग नवी खारी घालणे यासारखा दुसरा उपाय नाही.

मजुरी महागली, जंगलातील सागवान मिळेनासे झाले आणि दरवर्षी छतावर चढून काम करण्यास घरात माणसे उरली नाहीत. त्यामुळे गेल्या काही दशकांत धाब्यांची जागा मोठ्या प्रमाणावर स्लॅबने घेतली. स्लॅबला काहीच करावे लागत नाही, अशी समजूतही त्याबरोबर रूढ झाली. आज गळणारे अनेक स्लॅब हे त्या समजुतीचे फळ आहेत.

स्लॅब का गळतो

काँक्रीट स्वभावतः पूर्णपणे जलरोधक नसते. घरगुती बांधकामात मिश्रणात जास्त पाणी घालणे, ठोकणी कमी पडणे आणि उन्हाळ्यात पुरेसे दिवस पाणी न मारणे या तीन कारणांनी ते अधिकच सच्छिद्र होते. शिवाय ते तापमानाबरोबर आकुंचन-प्रसरण पावते. काँक्रीटची लांबी दर अंशाला सुमारे एक लाखांश पटीने बदलते. दहा मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान ३० अंशांनी बदलले, तर त्याच्या लांबीत सुमारे ३ मिलिमीटर फरक पडतो. खानदेशी उन्हाळ्यात छताचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापून पहाटे पुन्हा थंड होतो, त्यामुळे ही ओढाताण रोज घडते. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात तिथे, कठड्याच्या मुळाशी आणि नळ जिथून आरपार जातात तिथे भेगा प्रथम उघडतात.

पाणी आत शिरल्यावरचा टप्पा अधिक गंभीर असतो. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ ते १३ च्या दरम्यान असतो आणि त्या वातावरणात लोखंडी सळई गंजत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ही अल्कता कमी करतो. या क्रियेस कार्बोनेशन म्हणतात. सामू ९ च्या खाली आला की सळईवरील संरक्षक पापुद्रा नष्ट होतो आणि ओलावा मिळताच गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते. त्या दाबाने खालचे काँक्रीट फुटते, छताचे पोपडे पडतात आणि सळया उघड्या होतात. या अवस्थेत वरून कितीही महाग लेप दिला तरी गंजलेली सळई पूर्ववत होत नाही. सुटे काँक्रीट काढणे, सळया घासून त्यांवर गंजरोधक लावणे, गरजेप्रमाणे नव्या सळया जोडणे आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने भरून घेणे, ही दुरुस्ती आधी करावी लागते. काही वेळा स्लॅब उतरवावाही लागतो.

सळईपर्यंत कार्बोनेशन पोहोचले आहे का, हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारतात. शाबूत भाग गडद गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. याखेरीज हातोडीने छत ठोकून पाहण्याची गवंड्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे. भरीव भागाचा आवाज टणक येतो आणि सुटलेल्या भागाचा पोकळ. हजारो रुपयांचा लेप घेण्यापूर्वी ही अर्ध्या तासाची तपासणी क्वचितच केली जाते. विक्रेत्याला तिच्यात रस नसतो आणि मालकाला तिची माहिती नसते.

गळतीचे मूळ नेहमी छतातच असते असेही नाही. गच्चीवरील टाकीचा गळका नळ, कठड्याच्या भिंतीतून उतरणारी ओल, तुंबलेली पन्हाळ किंवा चुकीचा उतार यांमुळेही खोलीत ओल दिसते. पाणी वाहून जाण्यासाठी गच्चीला दर मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार असावा लागतो. पाणी साचणाऱ्या खोलगट जागेवर बहुतेक ॲक्रिलिक लेप कायम ओले राहून मऊ पडतात व सुटतात. तेथे आधी उतार दुरुस्त करणे भाग असते.

लेपांचे प्रकार

चुन्याचा हात हा सर्वांत स्वस्त प्रकार होय. कळीचा चुना विझवून, गाळून, त्यात थोडे पांढरे सिमेंट किंवा गोंद मिसळून तो उन्हाळ्याच्या सुरुवातीस स्लॅबवर देतात. तो पाणी अडवत नाही आणि पहिल्या पावसातच बराचसा वाहून जातो. परंतु ज्या तीन महिन्यांसाठी तो दिलेला असतो त्यांत त्याचे काम होऊन गेलेले असते. चुना विझवताना डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे वापरणे आवश्यक आहे.

चुन्याच्या हातापेक्षा वेगळा असा चुन्याचा कोबा पूर्वी वाड्यांच्या व सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर घालत. विटांचे तुकडे, चुना आणि सुरखी यांच्या मिश्रणात गूळपाणी व बेलफळाचे पाणी घालून तो लाकडी थापीने दिवसेंदिवस ठोकत असत. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३०३६ या मानकात चुना-काँक्रीटच्या अशा जलरोधक थराची पद्धत दिली आहे. आज प्रचलित असलेला विटांच्या तुकड्यांचा सिमेंट-कोबा हे त्याचेच बदललेले रूप. त्याने उतार मिळतो, स्लॅबवर थेट ऊन पडत नाही आणि नीट केल्यास तो दीर्घकाळ टिकतो. मात्र १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो असते. कमकुवत झालेल्या जुन्या स्लॅबवर, विशेषतः जुना कोबा न काढता त्यावर दुसरा घालणे, ही धाब्यावर खारीचे थर चढवण्याचीच चूक आहे.

आधुनिक लेपांपैकी सिमेंट व पॉलिमर यांचा दोन घटकांचा लेप काँक्रीटला घट्ट चिकटतो, पण फार ताणला जात नाही. ॲक्रिलिक लेप लवचिक असतो, पांढरा मिळतो आणि आतील वाफ काही प्रमाणात बाहेर जाऊ देतो. पॉलियुरेथेनचा लेप अधिक ताणला जातो व साचलेले पाणी सोसतो. तो महाग असतो आणि ओल्या पृष्ठभागावर फसतो. डांबरी पत्रा, म्हणजे ज्योतीने तापवून चिकटवलेली पॉलिमरयुक्त डांबराची गुंडाळी, पाणी उत्तम अडवतो. पण काळ्या रंगामुळे तो उन्हाळ्यात घर तापवतो आणि उघडा राहिल्यास अतिनील किरणांनी कडक होऊन तडकतो. त्यामुळे त्यावर ॲल्युमिनियमचा पापुद्रा किंवा पांढरा लेप असणे खानदेशात जवळजवळ अनिवार्य आहे.

कोणताही लवचिक लेप हलत्या भेगेवर सरळ लावला तर तो भेगेच्या जागीच तुटतो. भेग शून्यापासून अर्धा मिलिमीटर उघडली की तिच्यावरील लेपाच्या अत्यंत अरुंद पट्टीला सगळा ताण सोसावा लागतो. म्हणून भेग खाचून भरणे आणि तिच्यावर तंतुकाचेची जाळी घालून तेथे लेपाची जाडी वाढवणे ही पूर्वतयारी आवश्यक असते. कठड्याच्या मुळाशी गोलसर वाटा काढणे हाही याच तयारीचा भाग आहे. स्लॅबवर लेप फवारण्यापेक्षा ब्रशने घासून लावलेला पहिला हात छिद्रांत अधिक चांगला शिरतो. फवारणीचा वेग पत्र्याच्या मोठ्या छतांवर उपयोगी पडतो.

उष्णतेचा हिशेब

मे महिन्यातील भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ९०० ते १,००० वॅट सौरऊर्जा पडते. जुना करडा स्लॅब तिच्यापैकी सुमारे ३० टक्के परावर्तित करतो आणि उरलेली ६०० ते ७०० वॅट शोषतो. ताज्या पांढऱ्या लेपाचे परावर्तन ८० टक्क्यांपर्यंत असते, म्हणजे शोषण २०० वॅटच्या आसपास येते. धूळ बसल्यावर परावर्तन ६५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि शोषण सुमारे ३५० वॅट होते. जाहिरातीत पहिला आकडा असतो. घरात राहणाऱ्यांच्या वाट्याला बहुतेक दिवस दुसराच येतो. तरीही तो साध्या स्लॅबच्या जवळपास निम्मा आहे. एप्रिलमधील धुळीनंतर गच्ची एकदा धुतल्यास परावर्तनाचा बराच भाग परत मिळतो.

पांढऱ्या छतामुळे वरच्या मजल्यावरील खोलीचे तापमान साधारण २ ते ५ अंशांनी कमी होते असे सांगितले जाते. प्रत्यक्ष घट छताचा प्रकार, खोलीची उंची आणि वायुवीजन यांवर ठरते. खालच्या मजल्याला त्याचा फारसा लाभ नसतो. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१० मधील तीव्र उष्णलहरीनंतर २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे झोपडपट्ट्यांतील छते पांढरी करण्याचा कार्यक्रम त्याला जोडला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये स्वतंत्र शीत छत धोरण जाहीर केले. या दोन्ही ठिकाणी छत पांढरे करण्याचा मुख्य उद्देश गळती थांबवणे हा नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

वीजबचतीचा हिशेबही घरागणिक बदलतो. वातानुकूलन यंत्र असलेल्या घरात लेपाचा खर्च विजेच्या देयकातून काही अंशी वसूल होतो. सावद्यासारख्या गावात अनेक घरांची भिस्त पाण्याच्या कूलरवर किंवा नुसत्या पंख्यावर असते. तेथे देयक फारसे कमी होत नाही. लाभ होतो तो झोपेचा, आणि वृद्ध, आजारी व तान्ह्या मुलांच्या जिवाला असलेला उष्माघाताचा धोका कमी होण्याचा. भाड्याच्या घरात हा लाभ भाडेकरूला मिळतो आणि खर्च मालकाने करायचा असतो. त्यामुळे नेमकी सर्वांत तापणारी छते लेपाविना राहतात.

केळीच्या व्यापारातही हा प्रश्न आहे. पिकवणी केंद्रांत केळी साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवतात. १३ अंशांच्या खाली सालीला थंडीची इजा होऊन ती काळपट पडते. अशा खोल्यांच्या भिंती व छत जाड उष्णतारोधक फलकांचे असतात, त्यामुळे बाहेरचा पत्रा पांढरा केल्याने त्यांच्या विजेत मिळणारी बचत मर्यादित असते. माल धुऊन, निवडून खोक्यांत भरण्याच्या उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र फरक लगेच जाणवतो, कारण तेथे मजूर आणि माल दोघेही थेट तापलेल्या पत्र्याखाली असतात.

पत्र्यांची छते

लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो शाबूत आहे तोवर पत्रा गंजत नाही. नवा चकचकीत पत्रा ऊन बऱ्यापैकी परावर्तित करतो, पण शोषलेली उष्णता किरणोत्सर्गाने बाहेर टाकण्याची त्याची क्षमता कमी असते. म्हणून तोही चटके देण्याइतका तापतो. पत्र्याला स्वतःची जाडी नसल्याने लेपाचा परिणाम त्यावर सर्वाधिक आणि तत्काळ दिसतो. चुना किंवा साधा रंग जस्तावर धरत नाही, त्यासाठी योग्य प्रायमर लागतो. गळती बहुधा पत्र्यातून होत नसून हुकाच्या भोकांतून आणि वाळून कडक झालेल्या रबरी वायसरमधून होते. वायसर बदलण्याचा किरकोळ खर्च अनेकदा संपूर्ण लेपाचे काम करून जातो. गंजून चाळण झालेल्या पत्र्यावरचा लेप म्हणजे खर्चाचा अपव्यय होय; वादळात असा पत्रा हुकाजवळ फाटतो.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत. लेप देण्यापूर्वी असे पत्रे तारेच्या ब्रशने कोरडे घासल्यास तंतू हवेत मिसळतात. ते घासू, कापू वा भोके पाडू नयेत. साफसफाई करायचीच झाल्यास ओले करून, मऊ ब्रशने आणि योग्य मुखपट्टी बांधून करावी. हे पत्रे ठिसूळ असल्याने त्यांवर पाय देणाऱ्याचा तोल जाऊन जीवघेणे अपघात होतात. लेप देताना आधाराच्या फळ्या टाकूनच वर चढावे लागते.

डांबरी शिंगलवरील फवारणी

अमेरिका व कॅनडात, तेथील मराठी कुटुंबांच्या घरांसह, उतरती लाकडी छते प्रामुख्याने डांबरी शिंगलची असतात. तंतुकाचेच्या पातळ चटईवर डांबर आणि त्यावर खनिज कण दाबून हे तुकडे बनवतात. ऊन व प्राणवायू यांमुळे डांबरातील हलके तैल घटक कमी होतात, डांबर कडक होते, कण गळू लागतात आणि शेवटी शिंगल वाकते व तडकते. सोयाबीनसारख्या वनस्पती तेलांपासून बनवलेली द्रावणे फवारून डांबराला पुन्हा मऊपणा देण्याचा व्यवसाय तेथे वाढला आहे. एका फवारणीने सुमारे पाच वर्षांचे आयुष्य वाढते, असा दावा विक्रेते करतात.

यामागील तत्त्व निराधार नाही. रस्त्यांचे जुने डांबर पुन्हा वापरताना अशीच पुनरुज्जीवक द्रव्ये मिसळली जातात. परंतु रस्त्याचे डांबर तापवून, ढवळून द्रव्याशी एकजीव केले जाते, तर छतावर ते वरून झिरपण्यावरच अवलंबून असते. गळून गेलेले खनिज कण फवारणीने परत येत नाहीत. सांधे, खिळे आणि धुराड्याभोवतीचे पत्रे यांतील गळतीवरही तिचा उपाय नाही. शिवाय जागेवर बसवलेल्या शिंगलवर नंतर लेप देण्यास बहुतेक शिंगल-उत्पादक संमती देत नाहीत, त्यामुळे मूळ हमी धोक्यात येऊ शकते. अर्ध्या आयुष्यातील, कण शाबूत असलेल्या छतावर अशी फवारणी विचारात घेण्याजोगी ठरते. वाकलेल्या, टक्कल पडलेल्या छतावर तो पैसा नव्या छतासाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे असते.

खर्चाची तुलना

लेपाच्या खर्चाचा विचार एकूण रकमेपेक्षा दरवर्षी पडणाऱ्या खर्चाच्या आधारे करणे योग्य असते. उदाहरणादाखल, जुना कोबा काढून नवा घालण्यास १०० रुपये लागतात आणि तो १५ वर्षे टिकतो असे मानू. त्याच क्षेत्रावर जाळीसह चांगल्या ॲक्रिलिक लेपास ३० रुपये लागतात व तो ५ वर्षे टिकतो असे धरू. वार्षिक खर्च अनुक्रमे सुमारे पावणेसात आणि ६ रुपये येतो, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. लेपाच्या बाजूने वजन न वाढणे व थंडावा या जमेच्या बाजू आहेत, तर कोब्याच्या बाजूने वापरातील दणकटपणा. गच्चीवर पापड-कुरडया वाळवणे, धान्याला ऊन दाखवणे आणि उन्हाळ्यात खाटा टाकून झोपणे हा ज्या घरांचा रिवाज आहे, तेथे पातळ लेप पायाखाली लवकर झिजतो.

लेप दोनच वर्षांत सुटला तर त्याचा वार्षिक खर्च १५ रुपयांवर जातो आणि गणित उलटते. तो लवकर सुटण्याचे कारण बहुधा धूळ व शेवाळ न काढलेला पृष्ठभाग, आत अडकलेला ओलावा किंवा अपुरी जाडी असते. जाडीचा हिशेब कोणालाही करता येतो. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर पसरला तर ओल्या थराची जाडी एक मिलिमीटर होते. द्रवात निम्मे आकारमान घन पदार्थाचे असेल, तर वाळल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. म्हणजे १०० चौरस फुटांवर, जे सुमारे ९.३ चौरस मीटर होतात, अर्धा मिलिमीटर कोरडा थर हवा असल्यास साधारण साडेनऊ लिटर लेप लागतो, आणि २० लिटरची बादली दोनशे चौरस फुटांच्या थोडी पुढे जाते. हजार चौरस फुटांची गच्ची दोन बादल्यांत उरकली गेली, तर लेपात पाणी मिसळले आहे किंवा तो केवळ रंगासारखा फासला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

ज्या कुटुंबाकडे एकरकमी पैसा नसतो ते उन्हाळ्यात चुन्याचा हात आणि पावसाळ्यात ताडपत्री यांवर वर्षे काढते. या पद्धतीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. स्लॅब शाबूत असेल तर चुना उष्णतेविरुद्ध खर्चाच्या मानाने बहुतेक रासायनिक लेपांपेक्षा सरस ठरतो. खालच्या सळया गंजत असतील तर ताडपत्री व महागडा लेप हे दोन्ही उपाय सारखेच अपुरे असतात. फरक इतकाच की ताडपत्री उचलून खालची अवस्था पाहता येते, आणि पांढऱ्याशुभ्र लेपाखाली ती झाकली जाते.

हमी आणि कामाचा हंगाम

लेपांबरोबर पाच, सात किंवा दहा वर्षांची हमी दिली जाते. तिच्यात बहुधा केवळ द्रव्याच्या किमतीची भरपाई असते. मजुरी, आतील रंगकाम आणि सामानाचे नुकसान तिच्या बाहेर राहते. पृष्ठभागाची पूर्वतयारी योग्य नव्हती किंवा इमारतीत हालचाल झाली, या कारणांनी हमी नाकारता येते आणि जुन्या घरात ही कारणे सहज सापडतात. त्यामुळे ठेकेदाराशी करार करताना हमीच्या वर्षांपेक्षा किती लिटर द्रव्य, किती हात, जाळी कुठे आणि वाटा किती उंचीपर्यंत हे लिहून घेणे अधिक उपयोगाचे असते. शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर देण्याची रीत चांगली. त्यासाठी पन्हाळी बंद करून गच्चीवर एक इंच पाणी २४ ते ४८ तास साठवतात आणि खालून ओल येते का पाहतात. एक इंच पाण्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो असतो. शाबूत स्लॅबला तो सहज पेलतो; पोपडे पडलेल्या स्लॅबवर ही चाचणी अभियंत्याच्या सल्ल्याविना करू नये.

खानदेशात लेपाचे काम फेब्रुवारी ते मेच्या मध्यापर्यंत करणे सोयीचे असते. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते आणि वळीवाच्या सरी त्याआधीच येऊ लागतात. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लेप दिल्यास त्यातील पाणी क्षणात उडते, खालचा भाग चिकटण्याआधीच वर पापुद्रा धरतो आणि फोड येतात. त्यामुळे काम पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी थांबवतात आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी पहाटे देतात. पहिला पाऊस पडून गेल्यावर, गळती दिसू लागली की जुलैमध्ये घाईने केलेले काम ओल्या स्लॅबवर होते. ऑक्टोबरच्या उन्हात आतील ओलावा वाफ होऊन वर येतो आणि तोच लेप फुगवून उचलतो.